आणि वरचं काय लिहिलंय?

पत्राचा सारांश: पत्रलेखिका बावीस वर्षांची आहे, इतिहास घेऊन बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला. गेल्या वर्षी तिने मोडीचं प्रमाणपत्र मिळवलं. गावाकडच्या एका वतनदार घराण्यातल्या आजोबांनी पत्र्याच्या पेटीतून जुना कागद काढून तिच्यापुढे ठेवला. वर फारसी, खाली मोडी. मोडीच्या ओळी तिने वाचून दाखवल्या. आजोबा म्हणाले, "आणि वरचं काय लिहिलंय?" तिला काहीच सांगता आलं नाही. तेव्हापासून विद्यापीठात जाऊन फारसी शिकायचं तिच्या मनाने घेतलं आहे. वडील म्हणतात, बी.एड. कर, नोकरीचं बघ. काका 'पढे फारसी, बेचे तेल' ऐकवतात. वर्गातला मित्र म्हणतो, ज्या भाषेचे शब्द शिवाजी महाराजांनी राज्यकारभारातून काढून टाकले ती तू शिकणार? इराणी सिनेमे पाहून तिला बोलायची फारसीही खुणावते आहे. उर्दू येत नाही, लिपीची ओळख नाही. तिचा प्रश्न: "दिल्लीला एम.ए. फारसीला प्रवेश घेऊ, की हा नाद सोडून देऊ?"

तुझ्या पत्रात एक वाक्य तू सहज लिहून गेली आहेस: 'मला फारसीचं एक अक्षरही येत नाही.' तिथूनच सुरुवात करते, कारण ते खरं नाही.

तू मोडी शिकलीस म्हणजे आदिलशाही, निजामशाही काळातली खुर्दखतं, म्हणजे सरकारी हुकमाची पत्रं, तुझ्या हाताखालून गेली असणार. त्यांची सुरुवात आठव: 'अज रख्तखाने खुदायवंद खान...' यातला 'अज' म्हणजे 'पासून', फारसीतलं अगदी रोजच्या वापरातलं अव्यय. पुढे येतो 'बिदानद'. म्हणजे 'त्यांनी जाणावं', 'दानिस्तन' या धातूचं आज्ञार्थी रूप. आणि कागदाच्या शेवटी 'मोर्तब सुद'. त्यातला 'सुद' म्हणजे फारसी 'शुद', 'झालं'. हेच 'मोर्तब' आपल्या वर्तमानपत्रांत आजही 'शिक्कामोर्तब' होऊन छापलं जातं. तेव्हा फारसीचं एक अव्यय आणि दोन क्रियापदं तू मोडीतून आधीच वाचलेली आहेस. ती फारसी आहेत हे तुला कुणी सांगितलं नव्हतं इतकंच.

पुढे जाऊन सांगते. फारसी क्रियापदाला दोन मुळं असतात, एक भूतकाळाचं आणि एक वर्तमानकाळाचं. नवशिक्याला ही जोड्यांची यादी पाठ करताना घाम फुटतो. पण वर्तमानकाळाची मुळं मराठीने केव्हाच घरात घेतली आहेत. 'दीदन' म्हणजे पाहणं, त्याचं मूळ 'बीन'. दूरचं पाहणारी ती दुर्बीण. 'अंदाख्तन' म्हणजे फेकणं, मूळ 'अंदाज'. गोळा फेकणारा तो गोलंदाज, आधी तोफेवरचा, मग क्रिकेटच्या मैदानातला. 'खुर्दन' म्हणजे खाणं, त्यावरून लाचखोर. 'दाश्तन' म्हणजे बाळगणं, त्यावरून जमीनदार, हवालदार, फौजदार. 'नविश्तन' म्हणजे लिहिणं, त्याचं मूळ 'नवीस', आणि तेच झिजून आपल्या चिटणीस, फडणीस, पोतनीस या आडनावांत 'नीस' होऊन बसलं आहे. मी फारसी शिकायला बसले तेव्हा हे मला कुणी दाखवलं नाही. दोन महिने मी याद्या घोकत होते, आणि एके दिवशी 'दुर्बीण' हा शब्द वाचता वाचता थबकले. त्या दिवसापासून भाषा परकी वाटेनाशी झाली.

आता तुझ्या मित्राचं म्हणणं. ते तळमळीने केलेलं आहे, म्हणून नीट उत्तर देण्याजोगं आहे. राज्याभिषेकाच्या सुमाराला महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला, पेशव्याला पंतप्रधान, डबिराला सुमंत, सरनौबताला सेनापती असे शब्द रूढ करायचा यत्न केला, हे सगळं खरं. पण असा कोश रचायला काय लागत असेल याचा विचार कर. सुमारे चौदाशे शब्द. यावनी शब्दाला संस्कृत प्रतिशब्द द्यायचा तर त्या शब्दाची नेमकी छटा माहीत हवी. कोश रचणाऱ्या रघुनाथ पंडितांना ती माहीत होती. फारसीकडे पाठ फिरवून तो कोश झाला नसता. शिवाय दिल्ली, विजापूर, गोवळकोंड्याशी पत्रव्यवहार फारसीत होत होता आणि तो सांभाळणारी माणसं मराठी राज्यातच होती. 'पारसनीस' हे आडनाव त्याचीच खूण आहे: फारसी लिहिणारा तो पारसनीस.

'आपली भाषा' आणि 'त्यांची भाषा' अशी वाटणी करून हा कागदांचा ढीग वाचता येत नाही. दख्खनच्या मोगली मोहिमांचं डोळ्यांनी पाहिलेलं वर्णन फारसीत लिहून ठेवणारा भीमसेन सक्सेना कायस्थ होता. भाषेची नाळही संस्कृतपासून फार लांबची नाही. अश्व तिथे 'अस्प' होतो, मास 'माह' होतो, सप्त 'हफ्त' होतं, दुहिता 'दुख्तर' होते. मित्राला यातलं थोडं सांग. त्याने ऐकलं तर उत्तम. नाही ऐकलं तरी तुझा अभ्यास त्याच्या होकारासाठी थांबायचं कारण नाही.

काकांच्या म्हणीकडेही जरा उलटून बघ. 'पढे फारसी, बेचे तेल' या म्हणीत आश्चर्य कशाचं आहे? फारसी शिकलेल्या माणसाला तेल विकावं लागतं आहे याचं. कारण तेव्हा फारसी येणं म्हणजे सरकारी नोकरी पक्की. कंपनी सरकारने १८३७ मध्ये कायदा करून कचेऱ्यांमधलं फारसीचं स्थान काढून घेतलं, तेव्हापासून म्हणीचा अर्थ बदलला, शब्द तेच राहिले. एका भाषेवर पोट भरण्याचा काळ तेव्हाच संपला. म्हणून काकांची म्हण जुनी असली तरी त्यांची काळजी जुनी नाही, आणि वडिलांची तर मुळीच नाही. ती मला रास्त वाटते. त्यांच्याशी बोलताना 'मला आवडतं' एवढ्यावर थांबू नकोस.

खरं ते सांगते. नुसत्या एम.ए. फारसीवर नोकऱ्या फार थोड्या आहेत. नेट परीक्षेत फारसी हा विषय आहे, पण शिकवण्याच्या जागा मोजक्या महाविद्यालयांत आणि विद्यापीठांत, आणि त्या निघतातही क्वचित. इराणशी व्यापारावर भिस्त ठेवू नकोस. भारताने २०१९ मध्ये इराणकडून तेल घेणं थांबवलं, आणि निर्बंधांमुळे तिथला व्यवहार केव्हा आक्रसेल याचा नेम नसतो. दिल्लीच्या रुग्णालयांत अफगाण रुग्णांसाठी दुभाष्यांचं काम असतं, पण तेही व्हिसा आणि राजकारण यांच्या हातात.

मात्र तू नुसती फारसी शिकणार नाहीस. तुझ्याकडे मोडी आहे, इतिहासाची पदवी आहे, मराठी तर घरचीच. मोडी वाचणारे आता बरे तयार होत आहेत. फारसी वाचणारे पूर्वीपासून आहेत. दोन्ही वाचून, दोन्हींची सांगड घालून मराठीत नीट लिहू शकणारी माणसं मला शोधूनही पटकन सापडत नाहीत. तुझी जागा तिथे आहे. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची अरबी-फारसी शिलालेखांची शाखा आपल्या नागपुरात आहे. पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० पासून कागद जमवत आलं आहे. मुंबईत कामा इन्स्टिट्यूटमध्ये फारसीतली आणि पहलवी, अवेस्ता या जुन्या इराणी भाषांतली हस्तलिखितं आहेत. मराठवाड्यात २०२३ पासून निजामकालीन नोंदी तपासायचं काम निघालं तेव्हा मोडी आणि उर्दू वाचणारे किती लागतात ते सगळ्यांनी पाहिलं. फारसी आली की उर्दू वाचायला तुला फार दिवस लागायचे नाहीत. राष्ट्रीय शिक्षण धोरण २०२० मध्ये पाली, फारसी आणि प्राकृत यांच्यासाठी राष्ट्रीय संस्था उभारायचंही म्हटलं आहे. त्यातून केव्हा काय उभं राहील यावर आजचा निर्णय बांधू नकोस, पण वडिलांना हेही माहीत असू दे.

पोटापाण्याचा उद्योग वेगळा ठेवून या भाषेत मोठं काम केलेली माणसं आपल्याकडे होऊन गेली आहेत. सेतुमाधवराव पगडींनी सरकारी नोकरी सांभाळत मोगल दरबारची बातमीपत्रं आणि फारसी इतिहासग्रंथ मराठीत आणले. म्हणून बी.एड. आणि फारसी हे एकमेकांचे वैरी आहेत असं मी मानत नाही. तू ते तसं मांडलं आहेस, कारण घरात वाद झाला तेव्हा ते तसं मांडलं गेलं असणार.

आता तुझ्या प्रश्नातली मला सगळ्यांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट. तू 'फारसी' हा एकच शब्द लिहिलास, पण तुझ्या पत्रात दोन फारसी आहेत. एक पेटीतल्या कागदातली आणि एक सिनेमातली. दोन्ही एकाच झाडाच्या, तरी शिकण्याच्या वाटा वेगळ्या.

सिनेमात ऐकू येते ती तेहरानची बोली. तिथे 'खाना' म्हणजे घर, त्याचं 'खूने' होतं. 'नान'चं 'नून' होतं. खुद्द तेहरानचं 'तेहरून' होतं. आपल्या कागदांतली फारसी हिंदुस्थानात वाढलेली. तिने जुने उच्चार जपले. आपल्याकडच्या फारसीत 'शेर' म्हणजे वाघ-सिंह आणि 'शीर' म्हणजे दूध. आजच्या इराणात दोन्ही 'शीर'. अफगाणिस्तानात बोलतात त्या फारसीत, म्हणजे 'दरी' भाषेत, हा फरक अजून टिकून आहे. हा सगळा उच्चाराचा भाग झाला. कागदांची खरी अडचण लिपीत आहे. छापील फारसी वाचता येणारी पदवीधर मुलंही शिकस्त अक्षरापुढे हात टेकतात. शिकस्त म्हणजे मोडलेलं. लेखणी न उचलता, नुक्ते म्हणजे अक्षरांचे ठिपके गाळत, अक्षरं एकमेकांत मिसळत लिहायची ती पद्धत. आपण 'प्रयत्नांची शिकस्त' म्हणतो तो हाच शब्द. मोडीत बोरू न उचलता ओढलेल्या ओळी वाचायची तुझ्या डोळ्यांना सवय झाली आहे, तिचा इथे फार उपयोग होईल. माझ्या बरोबरीच्या ज्यांना मोडी येत होती ते शिकस्तात आमच्या पुढे निघून गेले.

तेव्हा विद्यापीठ निवडताना आधी हे ठरव की तुला पुढच्या दोन वर्षांत कोणती फारसी हवी आहे. तुझ्या पत्रात सिनेमांबद्दल दोन ओळी आहेत आणि त्या आजोबांच्या कागदाबद्दल दीड पान. माझं उत्तर मला त्यात दिसतं, तुझं तू बघ.

कागदांची फारसी हवी असेल तर दिल्लीच का, हा माझा प्रश्न आहे. दिल्लीत जवाहरलाल नेहरू विद्यापीठ, दिल्ली विद्यापीठ, जामिया अशा तीन ठिकाणी फारसी आहे, ग्रंथालयं मोठी आहेत, बोलती फारसी तिथे चांगली येईल. पण दख्खनचा इतिहास करणाऱ्या मुलीला हैदराबाद जवळचं आहे, सर्वच अर्थांनी. उस्मानिया विद्यापीठात फारसीचा विभाग आहे, मौलाना आझाद राष्ट्रीय उर्दू विद्यापीठातही आहे. तेलंगणाच्या अभिलेखागारात शहाजहान आणि औरंगजेबाच्या काळातले दख्खनचे मोगली कागद आहेत. सालारजंग संग्रहालयात हस्तलिखितं आहेत. सकाळी वर्ग आणि दुपारी मूळ कागद, असं शिकायला मिळणं ही चैन आहे.

पण कुठेही गेलीस तरी एक अडचण तुला आधीच कळलेली बरी. एम.ए. म्हणजे भाषा येते असं धरून चाललेला अभ्यासक्रम. बहुतेक ठिकाणी पदवीला फारसी असावी किंवा तेवढी भाषा यावी अशी अट असते, आणि तुझ्या वर्गातली बरीच मुलं उर्दू माध्यमातून किंवा मदरशातून लिपी शिकून आलेली असतील. कित्येक विभागांत शिकवणंही उर्दूतून चालतं. तिथे शून्यातून सुरुवात करणारी तू एकटी पडशील. त्यात अपमान काही नाही, पण पहिलं सत्र फार जड जाईल. अर्ज भरण्याआधी विभागाला फोन करून विचार: प्रवेशाची पात्रता काय, शिकवण्याची भाषा कोणती, हस्तलिखित वाचनाचा वेगळा पेपर आहे का आणि तो शिकवणारे अध्यापक सध्या आहेत का. शेवटचा प्रश्न टाळू नकोस. पुष्कळदा पेपर माहितीपत्रकात असतो आणि शिकवणारं कुणी नसतं.

म्हणून मी तुझ्या जागी असते तर यंदा एम.ए. फारसीचा अर्ज भरला नसता. इतिहासाच्या एम.ए.ला किंवा बी.एड.ला प्रवेश घेऊन जोडीला फारसीचा प्रमाणपत्र किंवा पदविका अभ्यासक्रम केला असता. एप्रिल २०२२ पासून विद्यापीठ अनुदान आयोगाने दोन अभ्यासक्रम एका वेळी करायची मुभा दिली आहे, वर्गांच्या वेळा एकमेकांवर येत नसल्या किंवा एक दूरस्थ असला तर. बी.एड.साठी मात्र आधी विद्यापीठात विचारून घे, तिथले नियम वेगळे असतात. वर्षभरानंतर जर तुझ्या हातात छापील फारसी वाचायची सवय आली असेल आणि ओढ तशीच असेल, तर मग हैदराबादचा विचार डोळे उघडे ठेवून करता येईल. वडिलांनाही 'एक वर्ष बघते' हे 'दिल्लीला जाते' यापेक्षा ऐकवेल. त्या वर्षात त्यांना तुझी मेहनत दिसेल. वाद घालण्यापेक्षा ते कधीही चांगलं.

इराणला जाऊन शिकण्याचं तू पत्राच्या शेवटी ओझरतं लिहिलं आहेस. तेहरानमध्ये देहखुदा संस्थेचं परदेशी विद्यार्थ्यांसाठी फारसीचं केंद्र आहे, आणि भाषा कानावर पडायला तिथल्यासारखी जागा नाही. पण जून २०२५ मध्ये तिथल्या भारतीय विद्यार्थ्यांना सरकारने 'ऑपरेशन सिंधू'खाली बाहेर काढलं, हे विसरून चालणार नाही. परराष्ट्र मंत्रालयाची सूचना काय आहे ते पाहिल्याशिवाय तिकडचा विचार नको. तोवर मुंबईतल्या इराण कल्चर हाउसमध्ये चौकशी कर.

लिपीची भीती वाटते असं लिहिलंस. बत्तीस अक्षरं आहेत, जोडणीच्या तऱ्हा चार, रोज तासभर बसलीस तर तीन-चार आठवड्यांत अक्षर ओळखशील. अवघड गोष्ट पुढे आहे. ऱ्हस्व स्वर लिहीतच नाहीत. 'ग' आणि 'ल' एवढंच कागदावर दिसतं. ते गुल म्हणजे फूल असेल किंवा गिल म्हणजे चिखल. ओळ कळल्याशिवाय शब्द कळत नाही आणि शब्द कळल्याशिवाय ओळ. यावर एकच उपाय मला माहीत आहे, मोठ्याने वाचायचं आणि पुष्कळ वाचायचं. सादी या फारसी कवीच्या 'गुलिस्तान' या पुस्तकातल्या गोष्टी त्यासाठी शतकानुशतकं पोरांच्या हाती दिल्या गेल्या, कारण त्या छोट्या आहेत, भाषा स्वच्छ आहे आणि गद्यात मधूनमधून पद्य येतं. तिथूनच सुरू कर. व्याकरणाचा ताण घेऊ नकोस. नामाला लिंग नाही, 'तो' आणि 'ती' दोघांना 'ऊ' हा एकच शब्द, आणि क्रियापद आपल्यासारखं वाक्याच्या शेवटी. जवळ माधव जूलियनांचा फार्शी-मराठी कोश ठेव. हे कवी फर्ग्युसनमध्ये फारसी शिकवत, आणि १९२५ मध्ये निघालेला त्यांचा कोश मराठीतून फारसीकडे जाणाऱ्याला अजून हात देतो. ग. ह. खऱ्यांनी छापलेले ऐतिहासिक फारसी कागद मराठी अनुवादासह आहेत. मूळ वाचायचं, अनुवाद झाकायचा, मग ताडून बघायचं.

आणि हे करताना हाफिज, रूमी, फिरदौसी यांना 'नंतर कधीतरी' म्हणून बाजूला ठेवू नकोस. ज्या मुनशांनी हे कागद लिहिले त्यांच्या कानात हीच कविता होती. सरकारी पत्रातही मध्येच एखादी ओळ येते, आणि ती कुठली हे न कळल्यामुळे भले भले अभ्यासक चकले आहेत. साहित्य वाचलं की कागद बोलतो.

शेवटी त्या आजोबांचं. तू लिहिलंस की कागदाचा फोटो फोनमध्ये आहे आणि त्यावर बदामी आकाराचा शिक्का आहे. तो फोटो आज रात्री मोठा करून बघ आणि शिक्क्यात आकडा सापडतो का ते शोध. लिपी उजवीकडून डावीकडे जाते, पण आकडे आपल्यासारखेच डावीकडून उजवीकडे लिहितात. एक आणि नऊ तुला पाहताक्षणी ओळखू येतील, बाकीच्यांतले काही वेगळे दिसतात, ते पाठ कर. साल हिजरी असेल. ते शिक्का कोरल्याचं साल असतं, कागद लिहिल्याचं नव्हे, तेव्हा मोडी ओळींतल्या सुहूर सनाशी, म्हणजे जुन्या दख्खनी कागदांतल्या सालाशी, ते ताडून बघ, पण दोन्ही सालं आधी इसवी सनात आणून. शिक्का आधीचा आणि कागद नंतरचा निघाला तर तू बरोबर वाचते आहेस. मग आजोबांना जाऊन सांग की वरच्या भागातली पहिली गोष्ट वाचून झाली.